अबोल्यात न धरलेला खेळ

ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे. त्यात प्लास्टर ओतायचं, त्यावर मेणाची हिरडी उभी करायची, तीत एकेक दात बसवायचा आणि ज्याचं तोंड आपण कधी बघितलेलं नाही अशा माणसाचं हसू तयार करून डबीतून पाठवून द्यायचं, असा तिचा सव्वीस वर्षांचा उद्योग. लॅब म्हणजे एका दवाखान्यामागच्या दोन खोल्या. एकीत प्लास्टरचा धुरळा, दुसरीत घासायच्या मोटारीचा आवाज. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. लहानपणी भिंतीचा चुना चाटायची म्हणून भावानं तिला ‘खडू’ नाव ठेवलं होतं, ते तिनं असं मन लावून खरं करून दाखवलं.

आता अशा कामसू बाईनं सत्तेचाळिसाव्या वर्षी दर रविवारी दुपारी चार वाजता टीव्हीसमोर मांडी घालून बसावं आणि एका बदकाला होडी वल्हवायला लावावी, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटणार? पण ती बसायची. पाहुणे आलेले असले तर त्यांना चहा देऊन बसायची.

ही खोड दादानं लावली. दादा तिच्याहून पाच वर्षांनी मोठा, लिफ्ट दुरुस्त करणारा. सतरा वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीनं त्याला नऊ तासांवरच्या शहरात पाठवलं. जाण्याआधी तो दोन खोकी घेऊन आला, दोन्हीत एकच पांढरं यंत्र आणि एकच खेळ.

“एक तुझं, एक माझं,” तो म्हणाला. “फोनवर तू हां-हूं करतेस आणि ठेवून देतेस. खेळायला लागलीस की तासभर तरी हलायची नाहीस.”

खेळ साधा होता. एक तळं, त्यात आठ होड्या, होडीत बदकं, बेडूक, कासवं. तळ्याला तीन फेऱ्या मारायच्या. यंत्र इंटरनेटला जोडलं की जगात कुठेही बसलेला माणूस आपल्या शेजारी येऊन धक्के मारू शकायचा. दादाची होडी पिवळी, हिची निळी. आई तेव्हा हिच्याकडे राहायची. ती मागे पलंगावर बसून मटार सोलत पंचगिरी करायची आणि तिची पंचगिरी उघडउघड पक्षपाती होती. “अगं, जिंकू दे की त्याला एकदा. एवढ्या लांबून येतोय तो,” असं ती म्हणायची. आईच्या मते पिवळी होडी नऊ तास वल्हवत आलेली होती. तिला समजावायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. त्या खोलीत दुपारचं ऊन टीव्हीवर यायचं आणि बदक नीट दिसायचं नाही. मग आई उठून पडदा ओढायची आणि परत येताना सुनेची, नातवंडांची, त्या शहरातल्या पाण्याची चौकशी टीव्हीलाच करायची. टीव्ही अर्थातच गप्प. तरी आई ऐकून घेतल्यासारखी मान हलवायची. तेवढं सुख पुढे कशातच मिळालं नाही, असं ही लेक आजही म्हणते.

टीव्ही गप्प असायचा, कारण त्या खेळात बोलायची सोय नव्हती. लहान मुलांशी कोणी वेडंवाकडं बोलू नये म्हणून कंपनीनं आठ तयार वाक्यं दिली होती. बटण दाबलं की होडीवर फुगा यायचा. तयार! थांबा जरा. वा, छान! अरेरे! माफ करा. धन्यवाद. पुन्हा एकदा? निघतो. बस, एवढीच. निघतानाही ‘निघते’ म्हणायची सोय नव्हती, तीही बिचारी सतरा वर्षं निघतोच म्हणत आली.

मग आईचं दुखणं निघालं. मोठं इस्पितळ दादाच्या शहरात, म्हणून आई त्याच्याकडे गेली. ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा दादानं हिला लॅबमध्ये फोन केला. हिच्या शेजारी मोटार घरघरत होती.

इथे आपल्या आकड्यांच्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. वीसला एक कमी असला तर आपण एकोणीस म्हणतो, तीसला एक कमी असला तर एकोणतीस. एकातला मधला ‘त’ कानावरून निसटला की दहा दिवस इकडचे तिकडे. जगात लोक सरळ दोन आकडे एकापुढे एक बोलतात. आपण आधी ‘एक कमी’ सांगतो आणि कशाला कमी, ते नंतर. या दोघांचंही एकोण लहानपणापासून कच्चं. एकोणपन्नास म्हटलं की दोघंही पाटीवर हटकून एकोणसाठ लिहायचे आणि आई दोघांनाही एकाच पट्टीनं समजवायची.

तर हिनं ऐकलं एकोणतीस. सत्तावीसपासून रजा टाकली. मधे एकदा आईशी बोलली. आई म्हणाली, “ये ग लवकर.” ही म्हणाली, “येतेच आहे.” तारीख काढायचं दोघींच्याही मनात आलं नाही. ऑपरेशन एकोणीसला झालं. त्या सकाळी दादानं फोन लावला, पण तिचा फोन धुरळ्यापासून वाचवायला कपाटात ठेवलेला. तो समजला, ती वाटेत असेल. वीस तारखेला पहाटे आई गेली.

ती पोचली तेव्हा भरल्या घरात दादा म्हणाला, “का आली नाहीस?”

“तू एकोणतीस म्हणालास.”

“मी एकोणीस म्हणालो. मोटार चालू ठेवून फोन घेतेस आणि वर मला सांगतेस?”

“एकोणतीस म्हणालास, दादा.”

“माझ्या तोंडात शब्द घालू नकोस.”

एवढंच. आरडाओरडा नाही, कोणी कोणाला घालवून दिलं नाही. पण ती घरी परतली ती अबोला धरून, आणि तिकडे दादानंही तो धरला. दोघं एकाच आईची लेकरं, हट्टात कोणी कमी नाही. फोन बंद, पत्र बंद, वहिनीमार्फत निरोपसुद्धा बंद.

दोन महिने गेले. एका रविवारी घरात करमेना म्हणून तिनं चार वाजता यंत्र लावलं. पिवळी होडी धक्क्याला उभी होती. ती तिच्याकडे बघत राहिली. उठून बंद करावं असं तिच्या मनात आलं आणि बोट मात्र बटणावर गेलं. तयार! पलीकडूनही फुगा आला. तयार! तीन फेऱ्या झाल्या. पुढच्या रविवारी परत. कोणी ठरवलं नाही, पण दोघांनीही हा खेळ अबोल्यात धरला नाही. खेळणं म्हणजे काही बोलणं नव्हे, असा कायदा आपोआप झाला.

तिचा नवरा हे सगळं बघायचा. तो शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस, त्यामुळे बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायची सवय. “मला एकदा नक्की सांग,” तो म्हणायचा, “तुमचा अबोला चाललाय की स्पर्धा? त्याप्रमाणे मी लोकांना सांगीन.”

“तू गप्प बस. शेवटची फेरी आहे.”

सहा वर्षं असं चाललं. त्या सहा वर्षांत दादानं तिला किमान हजारदा ‘माफ करा’ म्हटलं असेल. पण ते होडीला धक्का लागल्याचं माफ करा होतं. तिनं ते मानलं नाही. तिला माफी तशी नकोही होती. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती आणि ती सांगणारा जगात एकटा दादाच होता. आत नेताना आई तिच्यावर रागावली होती का? लेक आली नाही, हे मनात घेऊन आई गेली का? मेणात दात बसवताना, भाजी चिरताना, रविवारी दुसऱ्या फेरीच्या वळणावर हे तिच्या डोक्यात यायचंच. आणि त्या आठ वाक्यांत प्रश्न एकच होता, ‘पुन्हा एकदा?’ त्याचा उपयोग नव्हता. फोन उचलून विचारायचं तर हार मानल्यासारखं होणार. आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटायची. दादा ‘हो’ म्हणाला तर?

मग एका रविवारी पडद्यावर पाटी आली. खेळ जुना झाला आहे, अमुक तारखेपासून कंपनीची सेवा बंद होईल, इतकी वर्षं खेळल्याबद्दल आभार. तारीख बुधवारची होती. म्हणजे हा धरून दोनच रविवार उरले. शेवटच्या रविवारी ती जरा लवकरच बसली. दादा काहीतरी करेल असं तिला वाटत होतं. काय करणार? आठ वाक्यांत माणूस करून करून काय करील? चार शर्यती झाल्या. एकीत दादा धक्क्याजवळ येऊन थांबला, हिची होडी येईपर्यंत उभा राहिला आणि मग दोघं एकदमच रेषा ओलांडून गेले. वा, छान! मग नेहमीसारखं, निघतो. तिनंही निघतो दाबलं. पिवळी होडी गेली. टीव्ही तसाच ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून रडली. नवऱ्यानं जाऊन टीव्ही बंद केला.

त्यानंतरचे रविवार फार वाईट गेले. सहा वर्षांत आपण भावाशी बोललो नाही असं ती स्वतःला सांगत आली होती. आता तिला कळलं की दर रविवारी बोलत होतो, न बोलणं आत्ता सुरू झालं.

दोन महिन्यांनी ते यंत्र पिशवीत घालून ती एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. जुने रेडिओ, टेप, खेळांची यंत्रं अशी जगानं टाकलेली खेळणी दुरुस्त करणारा माणूस. टेबलावर हात टेकवायलासुद्धा जागा नव्हती. त्यानं यंत्र उघडलं, फुंकर मारली, बंद केलं.

“याला काही झालेलं नाही, बाई. तुमच्यापेक्षा तब्येत चांगली आहे याची.”

“पण खेळ जोडला जात नाही.”

“कंपनीनं बंद केलाय ना. पण लोक कुठले ऐकतायत. याच खेळावर वाढलेली माणसं आहेत, त्यांनी आपापल्या घरी संगणक लावून कंपनीच्या जागी दुसरा कारभार उभा केलाय. फुकट. हौस म्हणून.” त्यानं एका जुन्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर टिंबं देऊन चार भागांचा एक लांब नंबर लिहिला. “सेटिंगमध्ये जायचं, पत्त्याच्या जागी हा घालायचा. यंत्र कंपनीला विचारायचं, कुठे जाऊ? आता या लोकांना विचारेल. एवढाच फरक.”

“आणि माझ्या यादीतली माणसं? म्हणजे एकच आहे तसा.”

“जुनी यादी कंपनीबरोबर गेली. त्यालाही हाच नंबर घालायला सांगा. मग तुम्हाला नवीन ओळखनंबर मिळतील, ते एकमेकांना सांगायचे. फोन करा की त्याला!”

फोन करा की! इतकं सोपं. ती पुठ्ठा घेऊन घरी आली.

रविवारी चारला तिनं नंबर घातला. पडदा काळा झाला, त्यावर एक गोल फिरत राहिला आणि मग एकदम तेच संगीत लागलं. तोच धक्का, तेच पाणी, तीच कडेची वेताची झाडं. क्षणभर वाटलं, मागे पलंगावर मटाराच्या शेंगा मोडल्याचा आवाज येईल. तिनं मागे वळून बघितलंसुद्धा. पलंगावर इस्त्रीचे कपडे होते.

तळ्यावर माणसं होती. कुठकुठली अनोळखी. बंद पडलेल्या खेळात कोण येणार? ज्यांचं काहीतरी इथे राहून गेलंय तेच. कोणी कोणाला मुद्दाम धक्का देत नव्हतं. जिंकणारा थांबून मागच्यांची वाट बघायचा. सगळे एकमेकांना वा, छान! वा, छान! करत होते. तिलाही पहिल्याच दिवशी अकरा वा, छान! मिळाले. पण त्यांत पिवळी होडी नव्हती. पुढच्या रविवारी एक पिवळी दिसली. ती जिवाच्या आकांतानं वल्हवत तिच्याजवळ गेली तर आत कासव. दादा बेडूक घ्यायचा. सात रविवार ती दर पिवळ्या होडीत डोकावत राहिली.

आठव्या रविवारी सव्वाचारला तिनं टीव्ही चालू ठेवूनच फोन उचलला. नवरा पेपरामागे अगदी स्थिर बसून राहिला. फोन वहिनीनं घेतला. हिचा ‘हॅलो’ तिनं लगेच ओळखला.

“ताई? तुम्ही? सगळं ठीक आहे ना?”

“ठीक आहे. दादा आहे?”

“आहेत ना. टीव्हीसमोर बसलेत.” मग वहिनीनं आवाज खाली आणला. “दर रविवारी बसतात हो. चारला ते यंत्र लावतात. जोडणी झाली नाही, असं येतं. परत दाबतात, परत तेच येतं. तासभर. मी म्हटलं, अहो, बंद झालंय ते, पेपरातसुद्धा आलं होतं. तर म्हणाले, ती बसली असेल तिकडे, मी उठून कसं चालेल?”

वहिनीनं “अहो, ताईंचा फोन” म्हटलेलं ऐकू आलं, खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. मग श्वास. दादाचा श्वास तिला ओळखता आला.

सहा वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलायचं, याची तिनं कितीदा तरी तयारी केली होती. त्यातलं एकही आलं नाही.

“दादा, सेटिंग उघड,” ती म्हणाली. “एक नंबर सांगते तो घाल.”

“थांब. चष्मा घेतो.” खुडबुड झाली. “हं. सांग.”

ती पुठ्ठ्यावर बघून सांगू लागली. “एकशे चार. टिंब. एकोणऐंशी...”

पलीकडे बटणांचा आवाज थांबला.

“किती म्हणालीस?” दादानं अगदी हळू विचारलं. “सात-नऊ की आठ-नऊ?”

आणि दोघंही थांबले. कशासाठी थांबले, हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. टीव्हीवर तळं वाजत होतं. नवऱ्यानं पेपराचं पान उलटायला घेतलं होतं, ते तसंच धरून ठेवलं.

“सात. नऊ,” ती म्हणाली. “एकेक आकडा सांगते. तूही परत म्हण.”

“सात. नऊ. टिंब,” दादा म्हणाला.

असे ते सगळे आकडे एकेक करून बोलले, ती पुढे, तो मागे, पाटीवर आईनं घोकून घेतल्यासारखे. शेवटचा आकडा दादानं दोनदा परत म्हटला. मग म्हणाला, “खडू, त्या दिवशी मी काय म्हणालो होतो, ते मला खरंच आठवत नाही ग. एकोणीसच म्हणालो असं सगळ्यांना सांगत आलो. पण ऐकू येत नाही मला. माझाच आवाज ऐकायला जातो आणि ऐकू येत नाही.”

“मलाही नाही,” ती म्हणाली. हे तिनं आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. “मोटार होती. मला आता मोटारच ऐकू येते.”

मग तिनं विचारलं. आता न विचारून चालणार नव्हतं.

“दादा, आई रागावली होती का रे माझ्यावर?”

“रागावली?” दादाला हसू आलं की रडू, ते फोनवर कळलं नाही. “अगं, तिनं इस्पितळ डोक्यावर घेतलं होतं. आत नेताना नर्स म्हणाली, आजी, कवळी काढून द्या. ही देईना. म्हणाली, माझ्या लेकीनं केलीये, ती निघालीये, तिच्याच हातात देईन. नर्स, मी, डॉक्टर, सगळे विनवतोय. शेवटी अगदी दारात गाडी थांबवून काढली आणि माझ्या हातात ठेवली. म्हणाली, तिला सांग, खालची डावीकडे टोचतेय. आली की घासून ठेवायला सांग, शुद्धीवर आले की लगेच घालीन.”

तिनं अंगठा बोटाच्या कडेवर फिरवला, कवळीची कड चाचपतात तसा.

“मला तेव्हाच द्यायला हवी होती तुला,” दादा म्हणत होता. “आधी रागात दिली नाही. मग लाज वाटायला लागली. पण डबीत नीट आहे हं. दर रविवारी पाणी बदलतो. गरम नाही घालत. वाकडी होते ना, तूच सांगायचीस आईला.”

नवरा पेपर टाकून तिच्याजवळ येऊन उभा राहिला होता. तिनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि लॅबमध्ये डॉक्टरांशी बोलते त्या आवाजात म्हणाली, “खालची, डावीकडे ना? घेऊन ये. घासून ठेवते.”